दोन कुत्री, एक परात

परात माझ्या हातातून सुटली ती नेमकी दोघांच्या मधे पडली, आणि मी हाड् म्हणायच्या आत तांबड्यानं काळीची मान धरली होती.

आवाज नाही. मला वाटायचं कुत्री भांडतात म्हणजे गुरगुरतात, भुंकतात, गल्ली डोक्यावर घेतात. तांबडा गप्प होता. नुसता चिकटला होता. ओरडत होती ती काळी, आणि मी, आणि ओसरीतून माझ्या सासूबाई. आणि हसत होती माझी लेक. दहा महिन्यांची. ओट्यावर बसवली होती, पण आदल्याच दिवशी तिला पाय खाली सोडून उलटं उतरायला जमायला लागलं होतं. परात वाजली म्हणून खूश होऊन, हाताचे पंजे आपटत, रांगत ती तिकडंच निघाली होती. कुत्र्यांकडंच. चार हात अंतर राहिलं होतं. चार हात पण नाही.

मी तिला कशी उचलली मला माहीत नाही. समोर गाईची सिमेंटची गव्हाण होती, गाय बाहेर बांधलेली, लेकीला त्या गव्हाणीत कडब्यावर टाकली. ठेवली नाही, टाकली. ती रडायला लागली तेव्हा मला उलट बरं वाटलं, म्हणलं रडतीये म्हणजे आहे.

तोपर्यंत सासरे काठी घेऊन आले. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या, आमच्यात तसंच म्हणतात. मामा तांबड्याच्या पाठीत काठी घालायला लागले, आत्या केरसुणीनं. जेवढा मार बसेल तेवढा त्याचा जबडा घट्ट. काळीचे डोळे पांढरे व्हायला लागले होते. मी ओरडले, "मामा, मारू नका, मारू नका, तो आणखीन धरतोय!" आणि मी त्याचे मागचे दोन्ही पाय धरले आणि वर उचलले.

लोक नंतर म्हणाले, काय धाडसाची पोरगी. धाडस कसलं आलंय? मला त्याच्या तोंडापासून जेवढं लांब राहता येईल तेवढं राहायचं होतं, आणि कुत्र्याच्या तोंडापासून सगळ्यात लांब त्याचे मागचे पाय असतात. बस, एवढंच डोकं चाललं. ढकलगाडी उचलतात तसं उचललं आणि मागं मागं चालत सुटले. पुढच्या दोन पायांवर त्याला जोर लावता येईना. तोंड उघडून तो माझ्याकडं वळला, तेवढ्यात आत्यांनी त्याच्या डोक्यावर गोणपाट टाकलं आणि मामांनी साखळी अडकवली.

मी गव्हाणीपाशी जाऊन खाली बसले. लेक वर रडतीये, तिच्या रडण्यानं माझं ब्लाऊज दुधानं ओलं झालेलं.

हे झाल्यावर पहिलं वाक्य कोण बोललं, काय बोललं, ते मी विसरणार नाही. मामा साखळी धरून उभे होते, धापा टाकत, आणि चेहऱ्यावर कौतुक. म्हणाले, "दम हाय गड्यात! असाच पाहिजे डुकरावर."

आत्या काळीच्या मानेला फडकं दाबून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दम डुकरावर दाखवायचा असतो. घरच्या म्हातारीवर दाखवणारे पुष्कळ बघितलेत मी."

*

मी पुण्यातल्या बिबवेवाडीची. माझ्या वडलांची तिथं पिठाची गिरणी आहे. नववीत मी गणितात गेले ती परत शाळेत गेलेच नाही, गिरणीत डबे मांडायला बसायला लागले. कुत्र्यांना मी लहानपणापासून भिते. आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीसमोर चार कुत्री असायची म्हणून मी मैत्रिणीकडं जाताना लांबून वळसा घालून जायचे. आणि लग्न करून आले कुठं, तर मांजरी गावात, जिथं दारात कुत्रं नाही असं घर नाही.

मांजरीत आता चहूबाजूंनी बिल्डिंगी झाल्यात. आमच्या मागं बारा मजली, उजवीकडं काम चालू, डावीकडं पाटी लागलेली. मधे आमचा ऊस आणि खाली नदी. जेवढं रान कमी झालं तेवढी रानडुकरं आमच्याच उसात येऊन राहिली. ऊस बुडातून फोडतात, दोन घास चघळतात, पुढच्याला जातात. एका रात्रीत सरीच्या सरी आडव्या. त्यांना मारायला कायद्यानं बंदी आहे आणि मारायची कुणाला हौसही नाही, फक्त हाकलायची असतात. आणि हाकलायला काळी एकटी पडायची, तिचं वय झालेलं. म्हणून माझं लग्न झालं त्याच वर्षी मामांनी तांबडा आणला. आमच्याकडं जाड मानेच्या, रुंद तोंडाच्या कुत्र्याला सगळे बुलडॉगच म्हणतात. खरी जात कुठली ते देवाला माहीत.

मामांनी तो कसा निवडला तेही सांगते. सहा पिल्लं होती. मामांनी एकेकाला कान धरून उचललं. जे ओरडलं ते बाद. तांबडा ओरडला नाही, उलट खाली ठेवल्या ठेवल्या भावाच्या पायाला चावला. मामा म्हणाले, "हाच. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात."

आणि परातीचं म्हणाल तर ते आत्यांचं. आत्यांचं म्हणणं असं की एका ताटात जेवलं की माया लागते. आमच्या लग्नात आम्हा दोघांनाही एकाच ताटात बसवलं होतं. माया लागली, नाही असं नाही, पण माझा पापड ह्यांनीच खाल्ला. तर तसंच तांबडा आला त्या दिवसापासून त्याला आणि काळीला एकाच परातीत भाकरी. काळी शहाणी. पिल्लू खायला लागलं की ती तोंड बाजूला करायची. सगळे म्हणायचे, बघा कशी माया आहे. दीड वर्ष चाललं तसं.

मग तो मोठा झाला. पाठ रुंद झाली, आणि परात आली की तो खायच्या आधी ताठ उभा राहायला लागला. शेपूट वर, मान कडक, आणि डोळे परातीकडं नाही, काळीकडं. आठ दिवस मी बघत होते. बोलले पण होते. पण मी भित्री, हे सगळ्या घराला माहीत. भित्र्या माणसाला सगळीकडंच भीती दिसते, असं म्हणून हे हसले होते.

आता कुणी हसत नव्हतं. संध्याकाळी हे कंपनीतून आले तेव्हा काळीला टाके घालून आणलेलं होतं आणि मी पिशवी भरत होते.

"कुठं निघालीस?"

"बिबवेवाडीला. तो कुत्रा जाईपर्यंत."

"अगं, बांधलाय ना तो."

"आज सकाळी पण बांधलेलाच होता. कडी उघडली साखळीची. उद्या पण उघडेल. आणि उद्या ती रांगत नाही, चालत जाईल त्याच्याकडं."

मामा बाहेर बसून ऐकत होते. ते मला थेट काही बोलले नाहीत. ह्यांना म्हणाले, "तिला सांग, आठ दिवस थांब म्हणावं. शेजाऱ्याच्या उसात डुकरं उतरत्यात. तांबडा काय चीज हाय ते दिसंल एकदाचं. दिसलं नाही तर मी स्वतः सोडून येईन त्याला."

मी थांबले. तेवढे दिवस लेकीला एकदाही खाली सोडलं नाही. कडेवर घेऊनच भाकऱ्या थापल्या. कंबर गेली माझी.

सहाव्या दिवशी दिवस मावळताना डुकरं आली. मी गच्चीवर होते, लेकीला घेऊन, तिथून सगळं दिसतं. मामांनी तांबड्याला सोडला. शेजारच्या काकांनी त्यांचं साधं गावठी कुत्रं सोडलं. दोघं एकाच बांधावरून पळत सुटले, पुढं पाच-सहा डुकरं उभी, आणि मधेच तांबडा थांबला. त्यानं डुकरांकडं बघितलं, कुत्र्याकडं बघितलं, आणि कुत्रं धरलं.

डुकरं पळालीसुद्धा नाहीत हो. उभी राहिली, भांडण बघत बघत ऊस फोडत राहिली.

मामा पळाले, आणि मी वरून काय बघितलं, तर त्यांनी काठी टाकून दिली आणि तांबड्याचे मागचे पाय उचलले. माझ्यासारखेच. गावठी कुत्रं सुटलं. शेजारचे काका कमरेवर हात ठेवून मामांना म्हणाले, आणि ते इतक्या मोठ्यानं की मला गच्चीवर ऐकू आलं, "आबा, डुक्कर कुठलं आणि कुत्रं कुठलं, एवढं तरी शिकवायचं होतं त्याला! का अजून पाळण्यातच हाय?"

दुसऱ्या दिवशी तांबडा गेला. आत्यांच्या भावाची दूर माळावर कोंबड्यांची शेड आहे, माणूस एकटा, दुसरं कुत्रं नाही, लेकरं नाहीत. तिथं तो आजही आहे आणि तिथं तो चांगला आहे. कुत्रं वाईट नव्हतं, जागा चुकली होती. पण हे मी आता म्हणते. त्या दिवशी मी देवापुढं साखर ठेवली होती.

*

उसाला तर कुत्रं पाहिजेच होतं. जेवताना विषय निघाला. मी भीतभीत म्हणलं, "मामा, ह्या वेळी पिल्लू नको. मोठं झालेलं आणू. दोन-तीन वर्षांचं."

मामांनी घास खाली ठेवला. "का?"

"पिल्लाचं काय कळतं? तांबडा दीड वर्ष गुणीच होता. मोठा झाल्यावर त्याचं खरं दिसलं. ज्याचं दिसून झालंय असंच आणायचं. मुलाचे पाय दिसत असतील पाळण्यात, कुत्र्याचे नाही दिसत."

आत्या खोकल्या. हसू दाबायचं असलं की त्या खोकतात.

मामा म्हणाले, "बरं झालं बाई, आम्हाला माहीतच नव्हतं. आता सूनबाईच आणतील कुत्रं. तुमच्या वडलांच्या गिरणीतनंच दळून आणा एखादं."

टोमणाच होता तो, मला कळत नाही असं नाही. पण मी म्हणलं, "आणते." माझं मलाच नवल वाटलं.

आणि खरं सांगते, गिरणीतनंच आणलं मी ते. म्हणजे कसं, तर गिरणीत बसून बसून मला एक गोष्ट कळली होती. सणाच्या आधी गर्दी असायची, वीस-वीस डबे रांगेत. बायका उभ्या. कुठली बाई भांडण काढणार हे मला ती तोंड उघडायच्या आधी कळायचं. आवाजावरून नाही. मोठ्यानं बोलणाऱ्या, हातवारे करणाऱ्या बायका कितीतरी, त्या नुसत्याच बोलायच्या आणि दळण घेऊन जायच्या. भांडणारी असायची ती गप्प. तिचे डोळे स्वतःच्या डब्यावर नसायचे, दुसरीच्या डब्यावर असायचे. तिचं गहू की ज्वारी, तिचा डबा पुढं का सरकला. अशी बाई आली की मी वडलांना डोळ्यानं खूण करायचे आणि ते तिचं आधी दळून द्यायचे.

तांबड्याचे डोळे दुसरीच्या डब्यावर होते. झालं, तेवढंच मला कुत्र्यात बघायचं होतं.

विश्रांतवाडीच्या पुढं आळंदी रस्त्याला एक गॅरेजवाले काका आहेत, ते असली कुत्री पाळतात, ह्यांच्या कंपनीतल्या कुणीतरी सांगितलं. रविवारी टेम्पो काढला. पुढं हे आणि मामा, मागं मी, लेक मांडीवर, आणि काळी. काळीला मी घेतलीच पाहिजे म्हणून हट्ट धरला. मामा म्हणाले, "तिला कशाला? करवली म्हणून?" मी म्हणलं, "राहायचं तिच्याबरोबर आहे. तिला दाखवायला नको?"

गॅरेजवाले काका म्हणजे अस्सल पुण्याचे. चष्म्यावरून आमच्याकडं बघितलं, टेम्पोतल्या काळीकडं बघितलं, मांडीवरच्या लेकीकडं बघितलं. "मंगल कार्यालय पुढच्या चौकात आहे. इथं कुत्री मिळतात."

"कुत्रंच बघायला आलोय," मामा म्हणाले. "डुकराला पाहिजे."

"डुकराला? त्याला विचारलंत का?"

मागं आवारात तीन कुत्री होती, लांब लांब बांधलेली. एक पांढरा, प्रचंड. आम्ही आत गेल्याबरोबर साखळी तोडेल असा भुंकायला लागला, लाळ उडवत. मामांचे डोळे चमकले. "हा बघा. हा बघा आवाज." दुसरी एक मादी, तपकिरी. आणि तिसरा कोपऱ्यात, वाघासारखे पट्टे असलेला, एका कानाचा शेंडा तुटलेला, तीन वर्षांचा. तो उभा राहिला, आमच्याकडं बघून शेपूट दोनदा हलवली आणि परत बसला.

"हा आजारी हाय का?" मामा म्हणाले.

मी लेकीला ह्यांच्याकडं दिलं आणि म्हणलं, "काका, तिघांना जेवायला घालाल का? आहेत तिथंच, बांधलेलीच. आणि मी काळीला समोरून नेते. जवळ नाही नेणार."

काका पहिल्यांदा चष्मा नीट लावून माझ्याकडं बघायला लागले. "कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. गिरणी आहे आमची."

त्यांना काही कळलं नसणार, पण ते ताटल्या घेऊन आले. मी काळीची दोरी धरून लांबून चालत गेले. पहिल्यांदा पांढऱ्यासमोरून. तो माणसांवर भुंकत होता तो गप्प झाला. एकदम गप्प. ताटली समोर तशीच, आणि तो ताठ. शेपूट वर, तिचं टोक तेवढं थरथरतंय, डोळे काळीवर. काळी माझ्या पायाला चिकटली. मी मनात म्हणलं, बाई, तुझं दळण आधी देते, पण तू जा.

मादी खात होती, पण आम्ही समोर आल्यावर तिनं खाणं थांबवून ओठ वर केला. काका स्वतःच म्हणाले, "ही नकोच तुम्हाला. घरात एक मादी आहे ना, दोन माद्या एकत्र नाही ठेवायच्या. आणि एकटी राहायची सवय आहे तिला."

मग पट्टेवाला. आम्ही समोरून गेलो. त्यानं मान वर केली, काळीला बघितलं, नाक हलवलं, आणि परत ताटलीत तोंड घातलं. परत फिरवलं मी काळीला, थोडं जवळून. त्यानं बघितलंसुद्धा नाही. ताटली चाटून झाल्यावर जांभई दिली.

"हा," मी म्हणलं.

"हा?" मामा म्हणाले. "जांभया देतोय तो!"

काका हसले. "आजोबा, मी वीस माणसांना कुत्री दिली असतील. सगळे तो पांढरा मागतात. डुकरापुढं तीन-चार कुत्री एकत्र सोडावी लागतात, आणि जो आपल्याच गड्याला धरतो तो डुकराच्या बाजूचा असतो. हा पोरं अंगावर बसली तरी उठत नाही आणि डुक्कर बघितलं की बसत नाही. तुमच्या सुनेला मी नोकरीवर ठेवतो, हवं तर."

मामा टेम्पोत बसताना म्हणाले, "जांभया मोजत बसू आता."

*

घरी आणला म्हणजे झालं असं नाही. पंधरा दिवस पट्ट्या मागं शेडमधे आणि काळी पुढं. रोज सकाळी ह्यांनी पट्ट्याला धरायचं आणि मी काळीला, आणि कॅनॉलच्या रस्त्यानं एकाच दिशेला चालायचं, मधे रस्त्याचं अंतर. भेटवायचं नाही, नुसतं चालायचं. बिल्डिंगीतल्या बायका फिरायला यायच्या, त्यांना वाटायचं आमचं नवरा-बायकोचं भांडण आहे म्हणून लांब लांब चालतोय. एकीनं मला बाजूला घेऊन विचारलंसुद्धा. रोज अंतर थोडं कमी. सोळाव्या दिवशी दोघं एकाच दगडाला वास घेत उभी राहिली आणि मी रस्त्यात बसून रडले.

आणि परात बंद. दोन ताटल्या, एक लिंबाखाली, एक गोठ्याच्या पलीकडं. खाऊन झालं की उचलायच्या. आत्यांना ते फार लागलं. "ताटं वेगळी केली की घर फुटतं," म्हणाल्या. मी म्हणलं, "आत्या, काळीच्या मानेवर हात फिरवा एकदा." त्यांनी टाक्यांच्या खुणांवर हात फिरवला. दुसऱ्या दिवशी दुसरी ताटली त्यांनीच घासून ठेवली होती.

लेक चालायला लागली. मी तरी तिला एकटीला कधी सोडली नाही कुत्र्यांजवळ, अजून सोडत नाही, कुत्रं किती का गुणी असेना. पण ओट्यावर बसून तिला बघताना माझा श्वास अडकत नव्हता.

मग ऊसतोड आली.

उसाची तोड म्हणजे कशी, तर टोळी कडेनं तोडत तोडत आत येते आणि उसातली डुकरं आत आत सरकत जातात. शेवटी मधे एवढासा तुकडा उभा राहतो आणि सगळं त्यात. त्या दिवशी अकराच्या सुमारास दोन गुंठे राहिले होते. तीन बाजूंनी कोयते, चौथी नदीकडची बाजू मोकळी सोडलेली, डुकरांना जायला. नेहमीचीच पद्धत आहे. पण सकाळी टोळीतल्या बायकांनी लेकरांच्या झोळ्या अलीकडच्या बाभळीला बांधल्या होत्या, ऊन वर आलं तशी सावली सरली, म्हणून त्यांनी झोळ्या सोडून पलीकडच्या बाभळीला नेऊन बांधल्या. नदीकडच्या. कुणाच्या लक्षातच आलं नाही. आणि मी ताक घेऊन गेले ती त्याच सावलीत टेकले. माझी लेक झोळीतल्या लेकराचा पाळणा हलवत होती. माझ्या एका हातात पट्ट्याची साखळी, दुसऱ्या हातात काळीची. टोळीची तीन मोकळी कुत्री आमच्याभोवती फिरत होती.

पाचट करकरली. मी वर बघितलं तर उसातून डुकरीण बाहेर आली होती. मागं पिल्लं, चार का पाच. ती थांबली. आमच्यामधे वीस पावलं असतील. तिच्या मागं कोयते, पुढं आम्ही. पिल्लं तिच्या पायात घुसत होती. ती पण आईच, मला तिच्याकडं बघून कळलं की ही आता मागं जाणार नाही.

टोळीची कुत्री पेटली. तिन्ही एकदम उसळली, एक तर माझ्या गुडघ्यावरून उडी मारून पट्ट्याच्या तोंडाला घासून गेलं. ह्याच जागी तांबडा असता तर काय झालं असतं ते मी गच्चीवरून बघितलेलं होतं. इथं, झोळ्यांखाली, माझ्या लेकीच्या पायाशी. पट्ट्या थरथरत होता. साखळी ताणलेली. मामा लांब, ट्रॅक्टरपाशी, हात हलवून काहीतरी ओरडत होते, मला ऐकू येत नव्हतं. टोळीतली एक बाई किंचाळली, "बाई, सोड की त्याला!" दुसरी म्हणाली, "नगं सोडूस, लेकरं हायेत!"

मी पट्ट्याच्या डोळ्यांकडं बघितलं. तीन कुत्री नाचत होती त्याच्याभोवती आणि त्याचे डोळे एकाच जागी होते. डुकरिणीवर. स्वतःच्या डब्यावर.

मी साखळी सोडली. मग काळीची पण सोडली.

तो त्या तीन कुत्र्यांच्या मधून गेला, कुणाला धक्कासुद्धा न लावता. थेट तिच्यासमोर. दोन हात अंतरावर थांबला आणि भुंकायला लागला. महिना झाला होता, त्याचा आवाज मी नीट ऐकलाच नव्हता, असा खोल आवाज. डुकरिणीनं मुसंडी मारली, तो बाजूला झाला, परत समोर. काळी दुसऱ्या अंगाला गेली, म्हातारी, मानेवर टाक्यांच्या खुणा, पण काय तोऱ्यात. टोळीची कुत्री मग त्यांच्या मागं. पाच कुत्री एका ओळीत, एकमेकांच्या खांद्याला खांदा. मी तेवढ्यात लेकीला उचललं, बायकांनी झोळ्या ओढल्या. डुकरिणीला बाभळीकडची बाजू बंद दिसली, खालची मोकळी दिसली, ती वळली आणि पिल्लं घेऊन नदीकडं उतरली. कुणी कुणाला चावलं नाही. पट्ट्याच्या मांडीला एक ओरखडा, बाकी काही नाही.

कुत्री परत आली. टोळीनं पाण्याचं घमेलं भरून ठेवलं होतं, पट्ट्या त्यात तोंड घालून प्यायला लागला, आणि टोळीचं एक कुत्रं आलं आणि त्याच घमेल्यात तोंड घातलं. पट्ट्यानं तोंड थोडं बाजूला सरकवलं आणि पीत राहिला.

मामा धावत आले होते, घामाघूम. त्यांनी आधी नातीला बघितलं, मग कुत्र्यांना, मग मला. त्यांनी मग डोक्याचं मुंडासं सोडून तोंड पुसलं आणि टोळीच्या मुकादमाला म्हणाले, मला नाही, त्यालाच, पण मला ऐकू जाईल असं, "सुनेच्या माहेरी गिरणी हाय. दळण बारीक निघतं तिथलं."

संध्याकाळी मी भाकऱ्या करत होते तर मामा आत आले. कधी स्वयंपाकघरात न येणारा माणूस. दोन्ही ताटल्या त्यांनीच उचलल्या, एक लिंबाखाली नेली, एक गोठ्यापलीकडं, आणि दोघांच्या मधे उभे राहिले, खाऊन होईपर्यंत, हात मागं बांधून.

आत्या खोकल्या.

मी कुत्र्यांना अजून भिते. बेकरीसमोरून आजही वळसाच घालते. पण त्या बाभळीखाली साखळी माझ्याच हातात होती, लेक माझ्याच पायाशी होती, एक बाई सोड म्हणत होती, एक नको म्हणत होती, आणि विचारायला कुणी नव्हतं. मला लोक विचारतात, कशी गं सोडलीस? मी त्यांनाच उलटं विचारते, तुम्हालाही विचारते. तुम्ही असता तिथं, तर काय केलं असतं?